वाळवंट पाहावे परक्याचे

ज्याच्या दारात पाणी असते त्यालाच वाळवंट आवडते. ज्याच्या दारात वाळवंट असते तो टँकरची वाट पाहत असतो. त्याला आवडनिवड करायला सवड नसते. मागणी आणि पुरवठ्याचा जो नियम शिकवतात तो एवढाच, आणि बी.कॉम.च्या तीन वर्षांतून माझ्या डोक्यात शिल्लक राहिलेला तो एकमेव नियम आहे. त्याच्या आधारावर मी आज काही मंडळींशी भांडणार आहे. मंडळी आमचीच आहेत, त्यामुळे भांडण मोकळेपणाने करता येईल.

आमची सांगवी बारामती-फलटण रस्त्यावर, नीरेच्या काठी. इथे उसाखेरीज काही दिसत नाही, आणि उसापलीकडे काही बघावे असे कुणाला वाटतही नाही. अशा गावात आमच्या घरी सध्या अमेरिकेतल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांतून भटकण्याचा बेत शिजतो आहे. आचारी माझा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो. त्याने मोबाइलवर एक तक्ता पाठवला. मी तक्त्यांतच आयुष्य काढलेला माणूस. पण असा तक्ता आमच्या ऑडिटरनेही कधी पाहिला नसेल. झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस आणि शेवटी डेथ व्हॅली. प्रत्येकापुढे तारीख, मैल, चढ, उतार, पाणी, मुक्काम. मुक्कामाची जागा सहा सहा महिने आधी धरून ठेवायची. झायनमधल्या एंजल्स लँडिंग नावाच्या सुळक्यावर चढायचे, तर २०२२ सालापासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. म्हणजे म्हाडाचे घर आणि अमेरिकेतला डोंगर, दोन्ही नशिबाचाच भाग.

आईला सांगितले, "वाळवंटात जायचंय." ती म्हणाली, "बरं झालं. चंद्रभागेला पाणी असलं तर दोन बुडक्या माझ्या नावाच्या मार."

हे सगळे फिरायचे मोटारघरातून. मोटारघर म्हणजे बसएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळे. मोठे मोटारघर गॅलनला आठ-दहा मैल जाते. मी लगेच कागद घेतला. लिटरला चार किलोमीटरच्या आतबाहेर! एक लिटर पेट्रोलात आमच्याकडे मोटारसायकलवर तिघेजण फलटणला जाऊन येतात आणि उरलेले शेजाऱ्याला उसने देतात. पण खरी गंमत टाक्यांची आहे. या घराला तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची. दुसरी मोरीच्या पाण्याची, तिला करडी टाकी म्हणतात. तिसरी काळी. काळ्या टाकीत काय असते ते सांगत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. ती ठरलेल्या जागी नेऊन, नळी जोडून, आपल्या हाताने रिकामी करायची. तक्त्यात त्या कामापुढे भाच्याने 'मामा' असे लिहून ठेवले आहे. काळ्या पैशाशी उभ्या जन्मात संबंध आला नाही. निदान काळ्या टाकीशी तरी यावा, असे त्याला वाटले असेल.

पाण्याचा रकाना सर्वांत कडक. वाळवंटात माणशी रोज निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी जवळ बाळगा, असा तिथल्या उद्यानखात्याचा सल्ला. अंघोळ दोन-तीन मिनिटांत. साबण लावताना नळ बंद. हे मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. आमची ही सुप्याकडची. ती म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात माझ्या माहेरी बादलीभर पाण्यात दोघींच्या अंघोळी व्हायच्या आणि वाहिलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं. तेवढ्यासाठी व्हिसा कशाला काढायचा?"

माझ्या भांडणाचे मूळ इथे आहे. भांडण यूटा संस्थानाशी नाही. ते सुरेखच असणार. भांडण भाच्याशीही नाही; तो बिचारा मामा-मामीसाठी स्वतःची रजा जाळतो आहे. भांडण आहे ते 'वा, काय जागा आहेत!' असे म्हणत रोज संध्याकाळी तो तक्ता बघायला येणाऱ्या आमच्या बागायती मंडळींशी.

पहिला मुद्दा फिरत्या घराचा. हा शोध अमेरिकेचा, असे मंडळींचे मत. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा शासनाचाही तोच समज असावा. आता बघा. तुकोबांची पालखी वरवंडहून उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. दिंडीमागे ट्रक असतो. त्यात तंबू, पातेली, शेगडी, पिठाची पोती, आजारी पडलेली एखादी म्हातारी. पुढे माणसे चालतात, मागून घर चालते. यात हायकिंग आले, कॅम्पिंग आले, शिवाय भजन फुकट.

धनगरांचे तर विचारूच नका. दिवाळी झाली की आपल्या भागातले किती तरी वाडे कोकणच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कोंबडीशेजारी पोर. काळ्या टाकीचा प्रश्न या लोकांनी कधीच सोडवला आहे. मेंढरे रात्री एखाद्याच्या शेतात बसवायची. लेंडीखताबद्दल शेतकरीच त्यांना धान्य नाही तर पैसे देतो. मोटारघरवाला टाकी रिकामी करायला पैसे मोजतो, धनगर पैसे मोजून घेतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मी धनगराच्या बाजूचा आहे.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. तक्त्याच्या तळाशी नियम आहेत. आर्चेसच्या परिसरात जमिनीवर काळसर, खडबडीत पापुद्रा असतो. दिसायला वाळलेली माती. पण ती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेली ती जमिनीची कातडी. वाळू उडू देत नाही, ओल धरून ठेवते. तिच्यावर एक बूट पडला तर जखम भरायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून पायवाट सोडायची नाही. दगड उचलायचा नाही, फूल तोडायचे नाही, संत्र्याची सालसुद्धा पिशवीतून परत आणायची. हे ऐकून आमचे एक शेजारी गहिवरले. "काय शिस्त राव! मानलं पाहिजे!" या शेजाऱ्यांची पोल्ट्री आहे, आणि त्यातल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून जिरायती भागातल्या माळावर नेऊन टाकतात. संत्र्याच्या सालीसाठी डोळे पाणावणारा माणूस कोंबड्यांचे पोते टाकताना ट्रॅक्टरवरून खाली उतरत नाही.

विचारले तर म्हणतात, "टाकलं तर काय झालं? पडीकच तर हाय."

या 'पडीक' शब्दाशी माझे खरे वैर आहे, आणि बँकेतल्या माणसाला त्याची जन्मकथा चटकन समजते. इंग्रजांनी जमिनी मोजल्या त्या सारा वसूल करण्यासाठी. जी जमीन सारा देईना ती पडीक. आमच्याकडे ज्या कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकतो ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. गवत हप्ता भरत नाही. लांडगा पासबुक भरायला येत नाही. म्हणून माळाचे खाते इंग्रजांच्या अमदानीत एनपीए झाले आणि आजतागायत ते कुणी नियमित केले नाही. स्वराज्यातही १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघाले; २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला, त्यात झुडपी राने आणि चराऊ कुरणेही धरली. खातेदाराला एकदा बुडीत म्हटले की त्याला कुणीही दरडावावे, तसे माळाचे झाले. मुरूम काढा, प्लॉट पाडा, पोती टाका. आणि फारच प्रेम आले तर झाडे लावा! २०१९ साली एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे राज्याचे उद्दिष्ट होते. झाडांना माझा विरोध नाही. पण गवताच्या माळावर झाड नाही म्हणून हळहळणे म्हणजे तळ्याच्या मधोमध झाड नाही म्हणून हळहळणे. माळ हा जंगलाचा टक्कल पडलेला भाऊ नव्हे. तो वेगळ्या आईचा मुलगा आहे.

या मुलाची ओळख करून घ्यायला आमच्या सांगवीहून विमान लागत नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झाले. आकार ५.१४ चौरस किलोमीटर. डेथ व्हॅलीचे उद्यान साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. आमच्या अभयारण्याएवढी जागा तिथे मोटारघरे उभी करण्यातच जात असेल. पण त्या पाच चौरस किलोमीटरात चिंकारा आहे. त्याला गॅलनचा हिशेब ठाऊक नाही. पाल्यातून आणि दवातून मिळेल तेवढ्या ओलीवर तो दिवसच्या दिवस काढतो. खोकड आहे, तरस आहे, लांडगा फिरकतो. जमिनीवरच अंडी घालणारे धाविक आणि चंडोल आहेत. आमच्या हिला कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते हाताने ओळखता येतात. मला फक्त कुसळी ओळखता येते, तीही पायमोज्यात शिरल्यावर. तिकडे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. तिथे आणि आपल्या शिर्सुफळच्या बाजूला वनखात्याने अलीकडे गवताळ रानाची सफारीही सुरू केली. आमच्या बागायती मंडळींतल्या किती जणांनी ती पाहिली? मी विचारले. एकजण म्हणाला, "तिथं काय हाय बघण्यासारखं? माळ तर हाय."

यूटात काय आहे मग? तिथेही माळच आहे. फक्त त्याला तिकीट आहे.

डेथ व्हॅलीचीच गोष्ट घ्या. १९१३ सालच्या १० जुलैला तिथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जगातला तो अधिकृत उच्चांक. वर्षाचा पाऊस दोन इंचांच्या आसपास. पण 'मृत्यूची दरी' हे नाव दिले कोणी? सोन्याच्या मागे धावताना १८४९च्या हिवाळ्यात वाट चुकलेल्या प्रवाशांनी. आले, हाल झाले, नाव ठेवून निघून गेले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या टिंबिशा शोशोनी लोकांना ती दरी मेलेली कधीच वाटत नव्हती. ते तिला आपले घर म्हणत होते. त्यांची थोडी जमीन त्यांना कायद्याने परत मिळाली ती २००० साली. जगाचा रिवाज असा दिसतो: घर ज्याचे असते त्याला विचारायचे नाही, वाटसरूने ठेवलेले नाव सातबाऱ्यावर चढवायचे. धनगराला विचारा माळ पडीक आहे का. तो म्हणेल, "पडीक आसती तर मेंढरं काय दगडं खाऊन जगली का?"

आणि आम्ही बागायतदार म्हणजे तरी कोण? १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि त्याचे पाणी आमच्या शिवारात आले. त्याआधी आमचे खापरपणजोबाही आकाशाकडे बघूनच बाजरी पेरत होते. पण कालव्याच्या पाण्याबरोबर एक अहंकारही पाटाने वाहत आला. जिरायतीला मुलगी द्यायची नाही, जिरायतीची जमीन घ्यायची ती प्लॉट पाडायला, आणि जिरायतीकडे जायचे ते मोरगावच्या गणपतीला, गाडीच्या काचा वर करून.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू. ते खोटे नाही. "तुमच्या हरणांसाठी सुप्याच्या माणसांनी कोरडंच राहायचं का?" हा सवाल मला घरातूनच विचारला जातो. सासुरवाडीला पाणी मिळालेच पाहिजे. टँकरच्या मागे घागर घेऊन पळण्यात काही सौंदर्य नाही, आणि ते फोटोत सुंदर दिसत असेल तर फोटो काढणाऱ्याला घागर द्यावी. लांडग्याने मेंढरू नेले तर धनगराला भरपाई वेळेवर मिळावी. त्याच्या नुकसानीवर आम्ही निसर्गप्रेम करणे हा परस्पर दुसऱ्याच्या खात्यातून केलेला दानधर्म आहे. पण शेताला पाणी देणे वेगळे आणि गायरान गिळणे वेगळे. माळ गेला तर जिरायती माणसाला पाणी मिळत नाही; फक्त प्लॉटवाल्याला कमिशन मिळते आणि धनगराचे चरण जाते. माळढोकाचे उदाहरण समोर आहे. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झाले. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही जवळजवळ आठवण झाली आहे. पक्षी एकदम मेला नाही. त्याचा माळ हप्त्याहप्त्याने संपला.

तेव्हा मंडळी, तक्ता जरूर बघा. आम्ही जाणार आहोत. सोडत लागली तर सुळकाही चढू, आणि काळी टाकीही मी रिकामी करीन. पण ज्याला यूटाच्या वाळवंटाचे कौतुक करायचे असेल त्याने आधी एक दिवस तेच नियम पाळून आपल्या माळावर काढावा, अशी माझी सूचना आहे. पावणेचार लिटर पाणी घ्यावे. पायवाट सोडू नये. कुत्रे घरी बांधून ठेवावे, कारण चिंकाराच्या मागे लागायला माळावर मोकाट कुत्री आहेत तेवढी पुरेत. पोती नेऊ नयेत. नेलीच तर भरून परत आणावीत.

अमेरिकेत कुणी साल टाकली तर तिथला रखवालदार हटकतो. आमच्या माळावर हटकायला कोणी नाही. चिंकारा सगळे बघत असतो, पण तो तक्रार करत नाही. तो फक्त पुढच्या वर्षी दिसत नाही.