मुबारात: तिसरा शब्द

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्या घरांत दोनच शब्द ऐकू येतात, तलाक आणि खुला. तिसरा शब्द मुबारात. दोघांनाही वेगळे व्हायचे आहे, तर दोघांनी मिळून अटी ठरवायच्या आणि वेगळे व्हायचे. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात तो या दोघांच्या शेजारीच लिहिला आहे.

फरक व्यवहाराचा आहे. खुला बाईने मागायचा आणि मागताना बहुधा मेहर सोडायचा. म्हणून संसार नकोसा झालेला नवराही गप्प बसून राहतो. "तिला हवा तर तिने खुला घ्यावा" म्हणतो. मी याला चलाखीच म्हणते.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९९० मध्ये स्टुअर्ट वेब या वकिलाने एक पद्धत सुरू केली. नवरा-बायको आपापल्या वकिलांसह एकत्र बसतात. बोलणी फिसकटली तर हे वकील तो खटला लढणार नाहीत, असे आधीच लिहून देतात. भांडण पेटते ठेवण्यात मग कुणाचाच फायदा उरत नाही. आपल्याकडे सूरह निसाची ३५ वी आयत एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा नेमायला सांगते. ती समेटासाठी आहे, मान्य. पण समेट होत नसेल तर त्याच दोघांनी वेगळे होण्याच्या अटी ठरवायला काय हरकत आहे?

हरकत आपल्या बैठकांची आहे. बाई आतल्या खोलीत, बाहेर तिचा मामा बोलतो. तिला समोर बसवा. मारहाण असेल तर बैठक नकोच, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. बाकीच्यांनी मेहर, इद्दतचा खर्च, तिचे दागिने-सामान सगळे कागदावर घ्यावे. पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या मुदतीतच करायची, हे सुप्रीम कोर्टाने दानियल लतिफी खटल्यात २००१ मध्येच सांगितले आहे. मग कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा करून घ्यावी. नुसत्या स्टॅम्पपेपरवर पुढे अडते.

मुलांचा खर्च मात्र सौद्यात घालू नये. आणि आम्हा शिक्षकांची एक विनंती. सकाळी बाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतो, दुपारी आई येते, आणि दोघेही बजावतात, "दुसऱ्याला देऊ नका." दाखला कुणाच्या सहीने निघेल, तेही त्याच कागदात लिहा.