तोफ उरली, विद्या कुठे गेली?

प्राचीन चीनच्या विज्ञानाची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन ठरावीक सूर ऐकू येतात. पहिला अभिमानाचा: कागद, मुद्रण, होकायंत्र, बंदुकीची दारू, सारे काही पूर्वेचेच. दुसरा विलापाचा: पुढे परचक्र आले आणि सर्व लयाला गेले. हेच सूर आपण स्वतःच्या इतिहासालाही लावतो. दोन्ही सूर विचार थांबवणारे आहेत.

सू सोंग याचे पाण्यावर चालणारे खगोलीय घटिकायंत्र अकराव्या शतकाच्या अखेरीस काइफंग येथे उभे राहिले. ११२७ मध्ये जुरचेन सैन्याने राजधानी घेतली आणि ते यंत्रही नेले. विलापवाद्यांना हा पुरावा पुरेसा वाटेल. परंतु यंत्राचे सचित्र वर्णन करणारा सू सोंगचा ग्रंथ टिकला. तरीही दक्षिणेस गेलेल्या सोंग दरबाराला ते यंत्र पुन्हा उभारता आले नाही. ग्रंथ उरला, पण तो वाचून काम करणारे हात उरले नाहीत.

उलट उदाहरण सोंग यिंगशिंगचे. राजधानीच्या परीक्षेत वारंवार अपयशी ठरलेल्या या गृहस्थाने शेती, विणकाम, ओतकाम, कागदनिर्मिती यांचा सचित्र ग्रंथ १६३७ मध्ये सिद्ध केला. आणि सरकारी बढतीशी या पुस्तकाचा काही संबंध नाही, असे प्रस्तावनेतच बजावले. त्याचे म्हणणे खरे ठरले. चीनमध्ये ग्रंथ विस्मृतीत गेला, जपानमध्ये जपला गेला आणि विसाव्या शतकात तिथूनच स्वदेशी परतला. येथे हात होते, परंतु विद्वानांना त्या हातांविषयी वाचायचे नव्हते.

आता आपल्या नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, वळू. विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. नावच सांगते की तो तुर्की मुलखाशी नाते असलेला. बंदुकीच्या दारूची कृती चीनमध्ये १०४४ च्या ग्रंथात आढळते. म्हणजे दारूची विद्या चीनची, कारागीर रूमी, आश्रय निजामशाहीचा. यात शुद्ध स्वदेशीचा अभिमान कुठे बसवायचा? आणि ज्या परकीयांवर ऱ्हासाचे खापर फोडायचे, त्यांच्यातलाच एक येथे निर्माता आहे, त्याचे काय करायचे?

तोफेवर त्या कारागिराचे नाव कोरलेले आहे. पण एवढा धातू एकावेळी कसा वितळवला, साचा कसा बांधला, भेगा कशा टाळल्या, हे सांगणारे मराठी पान आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे आहे? भाषा अपुरी होती म्हणावे, तर याच जिल्ह्यातील नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली होती. सूक्ष्मातिसूक्ष्म विचार पेलणारी मराठी भट्टीपाशी मुकी राहिली, कारण लेखणी एका जातीच्या हाती आणि हातोडा दुसऱ्या जातीच्या. आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार आहेत. परंतु राज्यकर्त्याने काय करवून घ्यावे, हा त्याचा विषय. कारागिराने काय करावे, हा नव्हे.

‘कारागिरांनीच विद्या लपवली’ असा आक्षेप येईल. लपवली असेलही. ज्याला प्रतिष्ठा नाही, त्याच्यापाशी गुपित हेच भांडवल असते. ते त्याने उघडे करावे, असे समाजाने त्याला दिले तरी काय होते?

हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा नाही, मराठीच्या वर्गाचाही आहे. नगरला पाणी पुरवणारे निजामशाहीतील खापरी नळ आपल्याला ‘वारसा’ म्हणून ठाऊक असतात. पण गवंडी, ओतारी, कुंभार यांचे शब्द आपल्या प्रबंधांत शोधावे लागतात. आपण बखरीची शैली शिकवतो, ओवीची लय शिकवतो. कृतीचे अचूक वर्णन करणारे गद्य मात्र वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो. सोंग यिंगशिंगच्या वाचकांनी नेमके हेच केले होते. चीनच्या ऱ्हासावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून आधी जवळच्या ओतशाळेत जावे आणि तिथली भाषा लिहून आणावी. पूर्वजांच्या गौरवापेक्षा ते काम अधिक निकडीचे आहे.