मधली साठ वर्षं मैदा?

घरात बाळ सहा महिन्यांचं झालं की शिरोड्यात आजही नाचणी भिजत पडते. भिजवायची, वाटायची, कपड्यातून गाळायची आणि सत्त्व शिजवून भरवायचं. पुढे बाळाला दात येतात, ते शाळेत जातं आणि डब्यात बिस्किटं येतात, सकाळी चहाबरोबर पाव. नाचणी उरते आजी-आजोबांच्या ताटात. म्हणजे दात यायच्या आधी नाचणी, दात पडल्यावर नाचणी, आणि मधली साठ वर्षं मैदा!

दोस्तांनो, या मधल्या वर्षांत तुम्ही आहात. घरातला सहावीतला भाऊ आईचं ऐकत नाही, पण तुमच्याकडे बघतो. तुम्ही पेजेचं ताट सरकवून ‘शी, आजारी माणसाचं जेवण’ म्हणालात, की तोही तेच म्हणणार. त्याला पौष्टिक आहाराचं लेक्चर देऊन काही होत नाही.

तरी आकडा माहीत असू द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. उकड्या तांदळाचंही तसंच. भात सालासकट उकडतात, वाळवतात, मग भरडतात. उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, आणि लाल कोंडा राहू दिला तर तंतूही मिळतात. (पेजेत घालायच्या मिठाचं तर मिठागराच्या गावाला काय सांगायचं!)

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. तेव्हापासून ‘रागी कुकीज’ची पाकिटं जिकडेतिकडे दिसतात. घेताना मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर नाचणी फक्त चित्रात आहे.

यात एक अडचण खरी आहे. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी थापताना तुटते, गरम पाण्यात मळावी लागते. एकासाठी भात, दुसऱ्यासाठी भाकरी, हे सगळं एकट्या आईने का करायचं? घावण्याच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी घालून बघा. रंग बदलेल, पोरं विचारतील, तेव्हा लपवू नका, सरळ सांगा. आणि घरात खाणारंच कोणी उरलं नाही, तर डोंगरउतारावर नाचणी लावणार तरी कोण, कोणासाठी?

येत्या रविवारी बांगड्याच्या तिखल्याबरोबर नाचणीची भाकरी मागा. थापायला आणि भाजायला मात्र तुम्हीच बसा.