व्याजस्तुती की राजस्तुती?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की अध्यापकाने मुकाट्याने खुर्चीत बसावे, हे उत्तम. पण आम्ही पडलो मराठीचे प्राध्यापक. बोलल्यावाचून राहवते कुठे! गेल्या वर्षी आषाढात अशाच एका तासाला मी अलंकार सांगत होतो. वह्या पाहिल्या तेव्हा पहिल्या बाकावरच्या, धडगावकडच्या एका मुलीने ‘व्याजस्तुती’च्या जागी ‘राजस्तुती’ लिहिलेले आढळले. “अगं, राजेच उरले नाहीत, स्तुती कुणाची करतेस?” मी विचारले. वर्ग हसला. विनोद साधल्यावर प्राध्यापकाला जो हर्ष होतो तो मलाही झाला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे दोन-चार वेळा असेच घडले. पोरीला कमी ऐकू येत असावे असे ठरवून मी कान तपासून घेण्याचा सल्ला दिला. बापाने एका दिवसाची मजुरी बुडवून तिला शहरात नेले. अहवाल दाखवायला दोघे माझ्याकडे आली. कान अगदी निर्दोष! जाताना ती आपसात पावरीत काही बोलली. इतकी वर्षे या जिल्ह्यात काढूनही त्या बोलण्यातून मला ‘सर’ एवढा एकच शब्द वेगळा काढता आला.

मग चूक कुठे होती? शास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून पुस्तके आणली. कान म्हणजे टपालपेटी, पत्र बाहेरून पडायचे आणि मेंदूने वाचायचे, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात टपाल दोन्हीकडून चालते. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत सुमारे ३,५०० आतल्या केशपेशी असतात. नादाची वार्ता वर पोचवतात त्या मुख्यतः याच. बाहेरच्या ओळींतल्या सुमारे १२,००० पेशी क्षीण नाद वाढवून देतात आणि त्यांच्यावर अंमल चालतो तो मेंदूकडून खाली आलेल्या तंतूंचा. अमेरिकेतील ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ साली त्या तंतूंचे वर्णन केले. गलका वाढला की हे तंतू त्या पेशींना आवर घालतात. वाटेतल्या ठाण्यांवरही मेंदूच्या वरच्या थरातून हुकूम सुटत असतात: हे घ्या, ते सोडा. म्हणून तर सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्यांची घरघर आणि घोड्यांचे खिंकाळणे चालू असताना कुणी आपले नाव घेतले की मान वळते!

शब्द पुरा करण्याचे काम मात्र वर मेंदूतच चालते. १९७० साली रिचर्ड वॉरेन या मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातला एक वर्ण कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना वर्ण गळाल्याचा पत्ताच लागला नाही. खोकला नेमका कुठे आला तेही सांगता येईना. गळालेला वर्ण मेंदूने पदरचा घातला होता.

पदरचा! पण पदरी असेल तरच ना? ‘व्याजस्तुती’शी माझा वीस वर्षांचा घरोबा, पावसाने अर्धा शब्द गिळला तरी मला तो पुरा ऐकू येईल. तिने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. घरची भाषा पावरी, मराठी शाळेत भेटलेली. पहिले अक्षर वाहून गेले आणि तिच्या मेंदूने प्रामाणिकपणे आपल्याजवळचे ‘राज’ तिथे बसवले. शांततेत दुसरी भाषा नीट कळणाऱ्यांचीही गोंगाटात अधिक त्रेधा उडते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. कान तपासतात त्या बंद खोलीत पत्रे कुठले वाजायला?

यंदा नवा शब्द मी आधी फळ्यावर लिहितो, अर्थ सांगतो, मग पुढे बोलतो. श्रावणात ‘अपन्हुती’ लिहिली आणि पत्रे असे वाजू लागले की माझा आवाज मलाच ऐकू येईना. वह्या पाहिल्या. त्या मुलीच्या वहीत शब्दच काय, नुसत्या तोंडी सांगितलेले उदाहरणही बिनचूक होते. मी “शाबास” म्हणालो. तिने मान खाली घातली.

पहिल्या बाकावरून ती गेल्या वर्षीच उठली होती. अजून शेवटच्याच बाकावर बसते.