१३० डॉलरांचा महामानव

पोलाद वाकविणारा आणि आकाशातून झेपावणारा सुपरमॅन कोणत्याही शत्रूला हार जात नाही. त्याचे जनक मात्र एका साध्या करारनाम्यापुढे हरले. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या जेरी सीगल व ज्यो शुस्टर या तेविशीतील दोन तरुणांनी १९३८ साली आपल्या या मानसपुत्राचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना प्रकाशकाच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि पुढे चित्रकथा, नभोवाणी, चित्रपट व खेळणी यांचा प्रचंड व्यापार त्याच्या खांद्यावर उभा राहिला.

चित्रकथा रचण्याचा मोबदला दोघांना काही वर्षे मिळाला. मालकी मात्र गेली ती गेलीच. १९४७ साली त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. सुपरमॅनवरील हक्क प्रकाशकाकडेच राहिले, आणि चित्रकथांवरील या दोघांची नावेही नाहीशी झाली. १९७५ साली सुपरमॅनवरील भव्य चित्रपटाची जुळवाजुळव चालू असताना सीगल कारकुनी करीत होता आणि शुस्टरची दृष्टी अधू झाली होती. जाहीर बोभाटा झाल्यावर कंपनीने दोघांना दरसाल २० हजार डॉलर व श्रेयनामावलीत स्थान देऊ केले. ज्या धनादेशात ते १३० डॉलर समाविष्ट होते, तो कागद २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांना विकला गेला!

‘सही केली, मग तक्रार कसली?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. घर वा जमीन विकताना तो रास्तही असतो, कारण शेजारच्या जमिनीचा भाव दोन्ही पक्षांना ठाऊक असतो. कल्पनेच्या बाबतीत तसे नसते. तिची खरी किंमत ती लोकांपुढे गेल्यावरच कळते. सौदा मात्र त्याआधीच उरकलेला असतो. शिवाय प्रकाशक शंभर कल्पनांवर पैसे लावून जोखीम वाटून घेऊ शकतो. लेखकाजवळ मात्र एकच कल्पना आणि महिनाअखेरचे घरभाडे असते.

जॉर्ज ल्यूकास या दिग्दर्शकाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या विज्ञानपटासाठी त्याने मानधन वाढवून मागण्याऐवजी खेळण्यांसारख्या वस्तूंचे आणि पुढील भागांचे हक्क आपल्याकडे राखले. २०१२ साली त्याची कंपनी ४ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. ल्यूकास धूर्त होता हे खरेच. पण त्याच्या पाठीशी १९७३ सालच्या एका चित्रपटाचे घवघवीत यश होते. सीगल-शुस्टरपाशी नव्हती ती अक्कल नव्हे, तर ताकद.

ही विषमता ओळखूनच अमेरिकेच्या १९७६ सालच्या कायद्याने निर्मात्याला वा त्याच्या वारसांना विकलेले हक्क ठरावीक काळाने परत मागण्याची मुभा दिली. १९७८ पासूनच्या करारांसाठी ही मुदत ३५ वर्षांची आहे. सीगलच्या वारसांच्या बाजूने २००८ साली तसा निवाडाही झाला. परंतु २००१ सालची तडजोड बंधनकारक असल्याचे वरिष्ठ न्यायालयाने २०१३ साली ठरविले. कायद्याने दार उघडले तरी आत शिरणे सोपे नसते.

भारताच्या १९५७ सालच्या कायद्यानुसार करारात मुदत नमूद नसेल, तर हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते. २०१२ सालच्या दुरुस्तीने तर चित्रपटातील गीतकार, संगीतकार व लेखक यांचा, चित्रपटगृहाबाहेरील वापरावरील मानधनातला वाटा, त्यांनी स्वतः लिहून दिला तरी जाणार नाही अशी तजवीज केली. मात्र पुस्तकांचे लेखक आणि चित्रकार यांना हे कवच नाही. ‘सर्व हक्क कायमचे’ हे तीन शब्द छापील करारात घातले, की एकरकमी पैशांत त्यांचे सारे काही संपते. क्रमिक पुस्तकांची मार्गदर्शके लिहिणारा शिक्षक आणि मुखपृष्ठे रंगविणारा विद्यार्थी हे दोघेही त्यात आले.

पडद्यावरील गीताला जो न्याय, तोच छापील पानाला हवा. प्रकाशकाने नफा जरूर कमवावा. परंतु कृती अपेक्षेपलीकडे यशस्वी झाली, तर तिच्या निर्मात्याचा वाटा कोणत्याही सहीने बुडू नये. तोवर सही करण्यापूर्वी करारनाम्यातील मुदतीचे कलम दोनदा वाचणे, एवढेच शस्त्र दुर्बळाच्या हाती आहे.