शनिवारचा समुद्र

‘आई-बाबांना खूप फिरवलं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. अमेरिकेतून परतलेल्या आमच्या पिढीच्या तोंडी ते हमखास असतं. सोबत मोबाइलमधले फोटो. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली, बाबा उन्हाची टोपी घालून, मागे अटलांटिक. हे वाक्य मीही बरेच दिवस अभिमानाने म्हटलं आहे. त्यामुळे इथे जे लिहितोय ते आधी माझ्याविरुद्ध आहे, मग तुमच्या.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. एच-वन व्हिसा, भाड्याचा फ्लॅट, एक गाडी. समुद्र तासाभरावर. आई-बाबा पडेगावहून मे महिन्यात आले आणि सप्टेंबरअखेर गेले. त्या काळात जवळजवळ प्रत्येक शनिवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो. सँडी हूकचा १७६४चा दीपस्तंभ पाहिला, तिथून लांबवर दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या इमारती दाखवल्या. ॲस्बरी पार्क झालं, पॉइंट प्लेझंट झालं. सकाळी सहाला उठून आई आणि माझी बायको धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी भरत. मी गाडी चालवत असे. संध्याकाळी परतताना वाटे, मुलाचं कर्तव्य झालं.

उरलेले पाच दिवस ही माणसं काय करतात, हे मी विचारलं नाही.

पडेगावात माझी आई दिवसातून चारदा घराबाहेर पडते. गुरुवारी छावणीच्या बाजारात जाते, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालते. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसं आमच्याच रस्त्यावरून जातात. त्यांच्यात ती तीन वेळा चालली आहे. अशी बाई एडिसनला खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. दुकान मैलभर लांब, मध्ये चौपदरी रस्ता, आणि फूटपाथ अर्ध्यात संपलेला. एकदा ती कोथिंबीर आणायला एकटी निघाली, तर मी ऑफिसातून फोन करून तिला झापलं. ‘काही झालं म्हणजे? इथे दवाखाना किती महाग आहे माहितीये का?’ ती परत आली. पुन्हा गेली नाही. मला तेव्हा हे शहाणपण वाटलं होतं.

बायकोचं वेगळं नव्हतं. तीही इंजिनिअर, माझ्याहून चांगल्या मार्कांनी. पण एच-फोरवर. २०१५पासून काही एच-फोर जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, मात्र त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. माझं पोचलं नव्हतं. म्हणजे घरात चार माणसं, त्यातल्या तिघांचा आठवडा माझ्या चावीला टांगलेला. मी दमलो असलो की शनिवार रद्द. त्यावर कुणी कुरकुर केली नाही, आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणायचो.

गंमत अशी की त्याच किनाऱ्यावर ‘समुद्र कोणाचा’ हा वाद कोर्टात गेलेला आहे. ॲव्हन-बाय-द-सी हे गाव बाहेरच्यांकडून किनाऱ्यावर यायचे जास्त पैसे घ्यायचं. शेजारचं नेपच्यून सिटी कोर्टात गेलं. १९७२मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी किनारा सगळ्या जनतेचा आहे, गावकरी आणि बाहेरचा असा फरक करता येणार नाही. आमच्या घरात मात्र तो लायसन्सवाल्याचा होता.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. ऑगस्टमधल्या एका बुधवारी मी घरी आलो तर दोघंही नाहीत. बायको शांतपणे म्हणाली, ‘समुद्रावर गेलेत.’ बाबांनी रेल्वेचं वेळापत्रक शोधून काढलं होतं. एडिसनहून गाडी, राहवेला बदलायची, मग कोस्ट लाइनने बेलमार. तिथून समुद्र चालत. ६२ वर्षांवरच्यांना सवलतीचं तिकीट, हेही त्यांनी विचारून घेतलेलं. मी इतके दिवस तिथे राहत होतो आणि समुद्राला रेल्वे जाते हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच पडली नव्हती.

ते साडेआठला परतले. मी रागावण्याच्या तयारीत होतो. आई म्हणाली, ‘आज तुझी घाई नव्हती ना, म्हणून नीट बसता आलं.’

यावर ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. कमावणारा दमतो, त्यालाही एक दिवस हवा, तिकडचे रस्तेच तसे, आम्ही काय करणार. रस्ते तसे आहेत हे खरं. पण फ्लॅट आपणच निवडतो. निवडताना ऑफिसचं अंतर बघतो, जिम बघतो, स्टेशन बघत नाही. साठीच्या माणसाला तिकिटाचं मशीन शिकवायला अर्धा तास लागतो. तो आपण देत नाही, कारण मग ‘फिरवलं’ म्हणता येत नाही. जन्मभर गावोगाव हिंडलेल्या कंडक्टरला फिरवणारे आपण कोण?

एक मित्र या उन्हाळ्यात आई-वडिलांना एडिसनला बोलावतोय. किनाऱ्याजवळ कुठलं हॉटेल चांगलं, असं त्याने विचारलं. मी त्याला कोस्ट लाइनचं वेळापत्रक पाठवलं. त्याने अंगठा टाकला आणि हॉटेलचं पुन्हा विचारलं.