पहारा चोरावर की बाईवर?

उन्हाळा तापला की खानदेशात अजूनही रात्री माणसे गच्चीवर झोपतात. खाली कुलूप, वर कुटुंब. लग्नसराईत दागिने घरात असतात आणि घरची मंडळी गावाला. घरफोडीच्या बातम्या याच दिवसांत जास्त कानावर येतात. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत दारोदार कॅमेरे दिसू लागले आहेत ते यामुळेच. बसल्या जागी मोबाइलवर घर दाखवणारा, अंधारातही पाहणारा आणि आवाज टिपणारा कॅमेरा आता दोन-तीन हजारांत मिळतो. गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "ताई, कुठला घेऊ?" विचारणाऱ्यांत एकट्या राहणाऱ्या आहेत, परित्यक्ता आहेत, रात्रपाळी करणाऱ्या नर्सही आहेत. त्यांची भीती खरी आहे.

पण आमच्याकडे दुसरीही बाजू येते. धुळे जिल्ह्यातली एक सून समुपदेशनासाठी आली. नवरा कामासाठी सुरतेला. 'तुझ्याच सुरक्षेसाठी' म्हणून त्याने घरात कॅमेरा बसवला, तो स्वयंपाकघराकडे तोंड करून. शेजारीण येऊन बसली की पाच मिनिटांत फोन यायचा, "कोण आलंय?" माहेरी बोलायचे तर ती न्हाणीघरात जाऊ लागली. मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती. मग तक्रार कशाची करायची, हेच तिला उमगेना. "चोर एकदाही आला नाही ताई, मीच चोरासारखी राहायला लागले," असे ती म्हणाली.

चित्रण चुकीच्या हाती गेले तर काय होते, हे जळगावला सांगायला नको. १९९४ साली उघडकीला आलेल्या लैंगिक शोषण प्रकरणात मुलींचे व स्त्रियांचे चित्रण हेच त्यांना धमकावण्याचे हत्यार होते. बदनामीच्या धास्तीने पुढे येऊन बोलणाऱ्या थोड्याच निघाल्या. तेव्हा चित्रण करणाऱ्याला कॅमेरा घेऊन यावे लागे. आता तो आपणच भिंतीवर बसवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले तपासणीचे चित्रण चोरून इंटरनेटवर विकल्याचे उघड झाले. कॅमेऱ्याचा मुळातला सोपा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, असे पुढे वृत्तपत्रांत आले.

म्हणून 'कुठला घेऊ?' याच्या आधीचा प्रश्न हा की, तो कोणाकडे पाहणार आणि चित्र कोणाच्या मोबाइलवर दिसणार? कॅमेरा दाराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यावर रोखलेला असावा. तो शेजारच्या गच्चीकडे वळलेला नसावा, तिथेही बायका झोपतात. खाते घरातल्या बाईच्या मोबाइलवर तिच्या नावाने उघडावे. बसवणारा कारागीर पुष्कळदा स्वतःच्या मोबाइलवर खाते उघडून देतो. तो जाण्याआधी त्याचे नाव काढायला लावा आणि पासवर्ड बदला. आणखी कोणाकोणाला चित्र दिसते, त्याची यादी अधूनमधून तपासा. चित्रण घरातल्या कार्डावर राहते की कंपनीकडे जाते, आवाज बंद करता येतो का, हे विचारा. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. दुकानदाराकडे तिचा दाखला मागा.

कायदा कुठवर साथ देतो? स्त्री कपडे बदलताना, अंघोळ करताना चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईवरची पाळत या कलमात बसत नाही. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील भावनिक छळाचा आधार घ्यावा लागेल आणि संरक्षण आदेश मागावा लागेल. दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालणार नाहीत असे ठरवले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. भावाची संमती लागते, तर बायकोची, सुनेची का नको?

गटांना आमची सूचना आहे. मारहाण, हुंडा यांच्याबरोबर 'घरात कॅमेरा आहे का, तो कोण पाहतो?' हाही प्रश्न प्रत्येक बाईला विचारा. मात्र घाईने कॅमेरा काढायला सांगू नका. तो बंद पडताच नवऱ्याला कळते, आणि मार त्याच रात्री पडू शकतो. आधी तिच्याशी घराबाहेर भेटून बोला, जाण्याची जागा ठरवा, संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा. महिला हेल्पलाइन १८१ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

दाराला कडी हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ती आतून लावता-काढता येणारी, आणि बाईच्या हाताला पोचणारी हवी.